लांब पल्ल्यासाठी जुनी मोटर यॉट घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये २६ वर्षं काढली आणि आता छत्रपती संभाजीनगरात राहतो. दुबई, मस्कत, सिंगापूर, नेदरलँड्स अशा ठिकाणी नोकरीधंद्याला गेलेली आपल्या भागातली मंडळी आणि इथले काही उद्योजक मला जुन्या मोटर यॉटबद्दल, म्हणजे राहायची सोय असलेल्या इंजिनाच्या बोटींबद्दल, विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही मराठवाड्यातले. खाडीसुद्धा लहानपणी पाहिली नाही. आम्ही बोट घ्यावी का?

घ्यावी, पण आधी एक-दोन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर काढून. समुद्र जन्मगावावरून माणूस ओळखत नाही. आणि आपला समुद्राशी संबंध नाही हेही खरं नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदींत पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन पेठांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जात होता.

खरी अडचण अंतराची आहे. बोट गोठ्यातल्या जनावरासारखी असते, तिच्याकडे रोज बघणारं माणूस लागतं. पाणी उपसायचा पंप बंद पडला किंवा दोरखंड घासला, तर साडेतीनशे किलोमीटरवरून काही करता येत नाही. म्हणून बोटीच्या किमतीआधी तिथल्या विश्वासू माणसाचा पगार, नांगरण्याच्या जागेचं भाडं आणि वर्षाची देखभाल मांडा. किमतीच्या १० टक्के वर्षाला, असा ठोकताळा सांगतात. जुन्या बोटीला तो अपुरा पडतो, कारण बोटीची किंमत वयानुसार उतरते, पण पंपाची, रंगाची आणि मजुरीची उतरत नाही.

२. लांबचा पल्ला म्हणजे नेमका किती?

समुद्रात अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबई ते गोवा सुमारे २३० सागरी मैल, कोची ते माले सुमारे ३८५, मुंबई ते मस्कत ८५०च्या आसपास आणि मुंबई ते ओमानमधलं सलाला साधारण १,०७०.

पहिले दोन टप्पे दीड-दोन ते अडीच दिवसांचे. हवामान बघून निघता येतं आणि गोव्याच्या वाटेवर आसराही सापडतो. सलालाला निघालात तर सात दिवस मध्ये बंदर नाही. या दोन प्रवासांच्या बोटी वेगळ्या, त्यांच्या किमतीही वेगळ्या. मला लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या प्रवासाचं स्वप्न सांगतात, पण सुट्टी, कुटुंब आणि अनुभव बघितला तर करणार असतात पहिला. तो करायला कमीपणा नाही. फक्त बोट त्या हिशोबाने निवडा.

३. डिस्प्लेसमेंट, सेमी-डिस्प्लेसमेंट आणि प्लेनिंग यांत फरक काय?

डिस्प्लेसमेंट बोट पाणी बाजूला सारत जाते. तिच्या वेगाला निसर्गाची मर्यादा आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ने गुणा. ३६ फुटांना उत्तर येतं ८ नॉट, म्हणजे तासाला ८ सागरी मैल. त्यापुढे कितीही ताकद लावा, बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते आणि डिझेल जळत राहतं.

प्लेनिंग बोट वेगात पाण्यावर उचलली जाते. तिला हलकं अंग आणि मोठी इंजिनं लागतात. सेमी-डिस्प्लेसमेंट या दोन्हींच्या मधली. महासागरासाठी डिस्प्लेसमेंटच घ्या. किनाऱ्यासाठी सेमी चांगली चालते, कारण ती सावकाशही नेता येते आणि वादळ अंगावर येताना दिसलं तर थोडी पळवताही येते.

४. टाकी किती मोठी हवी? जाहिरातीत "पल्ला २,००० मैल" लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवू का?

ठेवू नका, स्वतः मांडून बघा. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.१९ लिटर पितं. नव्या-जुन्या इंजिनांत थोडा फरक पडतो, पण हिशोबाला हा आकडा पुरे.

४० फुटी डिस्प्लेसमेंट बोट ६.५ नॉटने न्यायला ५५ अश्वशक्ती लागली असं धरू. तासाला १०.५ लिटर, म्हणजे सागरी मैलाला १.६ लिटर. सलालापर्यंत १,७०० लिटर. त्यावर जनरेटरचा खर्च, उलटा वारा आणि प्रवाह यांसाठी तीसेक टक्के राखीव धरले की २,२०० ते २,३०० लिटर होतात.

आता ४०० अश्वशक्तीची दोन इंजिनं असलेली बोट घ्या. ती तीन-चतुर्थांश जोरावर १६ नॉटने पळते. तासाला ११४ लिटर, मैलाला ७ लिटरच्या वर. त्याच सलालाला साडेसात हजार लिटर, राखीव वेगळं. तेवढी टाकी त्या बोटीत नसतेच.

वेग थोडा कमी केला की खर्च खूप उतरतो, हे अनेकांना पटत नाही. डिस्प्लेसमेंट बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. ८ नॉटवरून ६.५वर आलात तर तासाचा खर्च जवळजवळ निम्मा होतो. जाहिरातीतला पल्ला बहुधा असाच अगदी मंद वेगावर, टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करून काढलेला असतो. विक्रेत्याला एकच विचारा: किती वेगाला, किती राखीव ठेवून?

टाकी कशाची आहे हेही तितकंच महत्त्वाचं. त्यासाठी प्रश्न ९ बघा.

५. इंजिन एक असावं की दोन?

मी एका इंजिनाच्या बाजूचा आहे, पण अटीवर. एका इंजिनाची बोट कमी डिझेल पिते. इंजिनाच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकतो आणि प्रॉपेलर कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, मागे सुरक्षित असतो. दोन इंजिनांच्या बोटीत प्रॉपेलर उघडे पडतात. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी आणि तुटके दोर इतके असतात की हा मुद्दा मी पहिला धरतो.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट भरवसा, हेही अर्धंच खरं आहे. लहान बोटींत इंजिन बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण घाण डिझेल. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून पीत असतील तर एकाच सकाळी दोन्ही बंद पडतात.

अट अशी की एकच इंजिन असेल तर घरी आणणारी दुसरी सोय हवी. वेगळ्या शाफ्टवरचं छोटं इंजिन असावं, किंवा जनरेटरवरून चालणारी हायड्रॉलिक मोटर असावी. आणि ती सोय समुद्रचाचणीत चालवून दाखवायला सांगा. अनेक बोटींवर हे छोटं इंजिन वर्षानुवर्षं सुरूच केलेलं नसतं.

६. इंजिनाचे तास किती असावेत? कमी तासांची बोट चांगली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त फसवतोही तोच.

आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना जाणता माणूस मीटरवर जात नाही. तो सकाळी गार इंजिन सुरू करायला लावतो, पहिला धूर बघतो, तेलाची कांडी काढून तेल बोटांवर चोळतो. बोटीतही हेच करा. बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवा. ते आधीच गरम असेल तर विक्रेत्याने ते तुमच्या येण्याआधी तापवून ठेवलंय. परत जा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता या. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर दाब कमी आहे, इंजेक्टर बिघडलाय किंवा आत पाणी शिरतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी.

सावकाश चालवलेलं, वेळेवर तेल बदललेलं जड बोटीचं डिझेल इंजिन ८ ते १० हजार तास सहज जातं. तीस वर्षांच्या बोटीवर ७०० तास असतील तर ती वर्षाला जेमतेम पंचवीस तास चालली. बाकीचा काळ खारट पाणी कूलरच्या नळ्यांत उभं होतं. ते नळ्या, जोड आणि धूर बाहेर नेणारा बाक आतून खातं. बाहेरून रंग नवा दिसतो.

दुबईत एका मित्रासाठी आम्ही दोन बोटी बघितल्या. पहिली ६४० तासांची, आरशासारखी चकचकीत. एक्झॉस्टच्या बाकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. दुसरी ६,२०० तासांची. गाद्या फिकट, लाकडावर ओरखडे. पण मालकाने एक वही पुढे केली. प्रत्येक तेलबदल, प्रत्येक इम्पेलर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), प्रत्येक पट्टा तारखेनिशी लिहिलेला. मित्राने दुसरी घेतली. मी अजूनही तेच सांगितलं असतं.

काही जड बोटींत खारं पाणी इंजिनरूममध्ये आणतच नाहीत. इंजिन थंड करणारं पाणी बोटीच्या तळाला बाहेरून लावलेल्या नळ्यांतून फिरतं आणि धूर मासेमारीच्या ट्रॉलरसारखा सरळ वर जातो. काजळी आणि आवाज थोडा वाढतो. लांब जाणाऱ्याने हा तोटा आनंदाने पत्करावा.

७. बाजारात नेहमी दिसणारी जुनी नावं कोणती? त्यांत निवड कशी करू?

ग्रँड बँक्स ४२ : १९७३च्या सुमारापर्यंत लाकडी, नंतर फायबरची. साधारण २,२७० लिटरची टाकी आणि बहुतेकींत दोन फोर्ड लेहमन इंजिनं. सावकाश चालवली तर हजार मैलांच्या आसपासचा पल्ला. किनाऱ्यासाठी उत्तम, महासागरासाठी नाही. लेहमन हे मुळात फोर्डचं व्यापारी वाहनांचं इंजिन. साधं, दणकट आणि कुठलाही चांगला डिझेल मिस्त्री उघडू शकेल असं. १२० अश्वशक्तीच्या लेहमनमध्ये इंजेक्शन पंपाचं तेल वेगळं असतं आणि ते दर ५० तासांनी बदलावं लागतं. विक्रेत्याला तेवढंच विचारा, शेवटचं कधी बदललं. उत्तर पटकन आलं नाही तर बाकीची देखभालही तशीच असते.

क्रोगन ४२ : १९७७पासून तैवानमध्ये बांधलेली, एका इंजिनाची, पूर्ण डिस्प्लेसमेंट. तिच्या आकाराच्या मानाने पल्ला मोठा. कमी पैशात खरोखर लांब जायचं असेल तर मी आधी हिच्याकडे बघेन.

नॉर्डहॅवन ४६ : १९८९ साली आली. सुमारे ३,८०० लिटर डिझेल, एक मोठं इंजिन, जड अंग. ही महासागरासाठीच बांधलेली. याच कंपनीच्या ४० फुटी बोटीने २००१-०२मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. वय झालं तरी किंमत फारशी उतरत नाही.

फ्लेमिंग ५५ : सेमी-डिस्प्लेसमेंट, दोन इंजिनं, बांधणी अतिशय निगुतीची. पैसा असेल आणि किनाऱ्याने मोठे टप्पे करायचे असतील तर.

डच स्टीलच्या बोटी सुबक असतात, पण त्यांतल्या बऱ्याच कालवे, नद्या आणि जवळच्या किनाऱ्यासाठी बांधलेल्या. युरोपात १९९८च्या जूननंतर विकलेल्या बोटीवर श्रेणीची पाटी असते. ए म्हणजे बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) ८च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरची लाट गृहीत धरलेली, बी म्हणजे तिथपर्यंत, सी म्हणजे बोफर्ट ६ आणि २ मीटरपर्यंत. सी असेल तर लांबच्या पल्ल्याचा विचार सोडा. त्याआधीच्या बोटीवर पाटी नसते. तिथे सर्व्हेयरचं, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचं, मत घ्यावं लागतं.

८. मी जालन्याचा, धंदा स्टीलचा. स्टीलची बोटच घ्यावीशी वाटते. काय म्हणता?

स्टील समजणाऱ्या माणसासाठी स्टीलची बोट चांगलीच. ओंडका किंवा खडक लागला तर ती चेपते, फुटत नाही, आणि वेल्डर जगात कुठेही मिळतो. पण जालन्यात तुम्ही सळईवरचा गंज बाहेरून बघता. बोट आतून गंजते. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, साचलेलं पाणी, फरशीखालचे कोपरे, इन्सुलेशनच्या मागची पत्र्याची बाजू ही रोगाची घरं.

१२ मीटरच्या बोटीचा तळाचा पत्रा बहुधा ५-६ मिलिमीटरचा असतो. अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्या. एखाददुसऱ्या ठिकाणी नको, संपूर्ण तळावर जाळं आखून मोजा. मूळ जाडीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झीज असलेले पत्रे बदलायला लागणार असं धरा आणि तो खर्च किमतीतून कमी मागा. ज्या फरशा उचलता येत नाहीत त्या उचलायला लावा. विक्रेता नाही म्हणाला तर बोट सोडा.

झिंकचे ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) आणि मरीनातल्या, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावरच्या, किनारी विजेच्या जोडणीकडे खास लक्ष द्या. शेजारच्या बोटीच्या वायरिंगमधला दोष तुमचा पत्रा खाऊ शकतो. किनारी जोडणीवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किनाऱ्याची वीज बोटीपासून विलग ठेवणारा) नसेल तर तो पहिला खर्च समजा.

९. फायबरच्या बोटीत मोठा खर्च कुठे दडलेला असतो?

लोक तळावरच्या फोडांना घाबरतात. थोडे फोड आले म्हणून बोट बुडत नाही. ते दुरुस्त होतात, फक्त किंमत कमी करून घ्यावी. खरा खर्च तीन ठिकाणी असतो.

पहिला, सागवानी डेक. शेकडो स्क्रू डेकमध्ये घुसवलेले असतात आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला वाट. डेकच्या आत प्लायवूड किंवा बाल्साचं हलकं लाकूड असेल तर ते कुजतं. अनवाणी चालून बघा. पाय दबला किंवा आवाज बोदा आला तर तिथे प्रश्न आहे.

दुसरा, लोखंडी डिझेल टाकी. जुन्या तैवानी बोटींत ही हमखास सापडते. डेकवरच्या भरण्याच्या तोंडातून झिरपलेलं पाणी टाकीच्या माथ्यावर साचतं आणि ती वरून गंजत जाते. बदलायची तर फरशी कापावी लागते, कधी इंजिन बाहेर काढावं लागतं. टाकीची किंमत त्या मजुरीपुढे काहीच नसते. टाकीच्या माथ्यावर हात फिरवा, टॉर्च आणि आरसा घेऊन मागची बाजू बघा.

तिसरा, खिडक्यांच्या चौकटी. खालच्या लाकडावर काळा डाग दिसला की भिंतीच्या आत काय झालंय त्याचा अंदाज बांधा.

१०. डुलण्याचं काय? घरच्यांना गाडी लागते, बोट तर नक्कीच लागेल.

डिस्प्लेसमेंट बोट गोल अंगाची, त्यामुळे ती डुलते. स्टॅबिलायझरशिवाय, म्हणजे डुलणं आवरणाऱ्या यंत्रणेशिवाय, लांब पल्ल्याची बोट घेऊ नका, कुटुंब बरोबर असेल तर अजिबातच नाही. तळाला दोन्ही बाजूंना लावलेल्या हायड्रॉलिक पंखांची पद्धत चालत्या बोटीत सगळ्यात आरामाची, पण सीलची देखभाल मागते आणि पंख जाळ्यात अडकू शकतात. जायरो (वेगाने फिरणारं जड चाक) नांगरलेल्या बोटीतही चालतो, पण वेगात यायला पाऊण तासाच्या आसपास घेतो आणि त्याला वीज लागते. तिसरी जुनी पद्धत म्हणजे दोन बाजूंना दांड्यांवरून पाण्यात सोडलेले 'मासे', म्हणजे माशाच्या आकाराची वजनं. दिसायला ओबडधोबड, वेग थोडा खातात, पण त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं.

११. सर्व्हे कसा करायचा? ब्रोकरने त्याचा सर्व्हेयर सुचवलाय.

ब्रोकरला पैसे विक्रीतून मिळतात. सर्व्हेयर तुमचा, तुम्ही शोधलेला, तुमच्या पैशाचा असावा. धडाचा सर्व्हेयर आणि इंजिनाचा तज्ज्ञ ही दोन वेगळी माणसं असली तर उत्तम.

सौद्याचा करार सर्व्हे आणि समुद्रचाचणी समाधानकारक असण्याच्या अटीवर करा, आणि समाधान कोणाचं, तर तुमचं, हे शब्दांत लिहून घ्या. मग बोट पाण्याबाहेर काढायची. सर्व्हेयर हातोडीने ठोकत जाईल, ओलावा मोजेल, शाफ्ट आणि सुकाणू हलवून बघेल. इंजिन, गिअरबॉक्स आणि जनरेटर, तिन्हींच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. तेलातलं सोडियम खारं पाणी शिरल्याचं सांगतं. लोखंड, तांबं, शिसं काय झिजतंय ते सांगतात.

समुद्रचाचणी तासाभराची नको, किमान तीन-चार तासांची हवी. त्यात काही मिनिटं पूर्ण जोरावर चालवा. कारखान्याने सांगितलेले मिनिटाचे फेरे इंजिनाने गाठले पाहिजेत. गाठले नाहीत तर प्रॉपेलर जड आहे, तळावर शेवाळ आहे किंवा इंजिन थकलंय. त्या वेळी पाण्याचं तापमान चढत गेलं तर कूलर तुंबलेत. मी स्वतः त्या काळात वर थांबत नाही, इंजिनरूममध्येच बसतो.

सर्व्हेचा खर्च जड वाटतो म्हणून तो टाळणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाने नंतर फक्त गिअरबॉक्सवर सर्व्हेच्या कितीतरी पट पैसा घातला.

१२. कागदपत्रांत काय बघायचं?

सलग मालकीची खरेदीपत्रं, नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि बोटीवर कर्जाचा बोजा नाही याचा पुरावा. जहाजांच्या जगात थकलेलं बिल बोटीला चिकटू शकतं, मालक बदलला तरी. जुन्या मालकाने बुडवलेल्या मरीनाच्या भाड्यापायी तुमची बोट अडकू शकते. युरोपातली बोट असेल तर व्हॅट भरल्याचा मूळ कागद मागा. युरोपाबाहेर राहणारा माणूस युरोपाबाहेरच्या झेंड्याची बोट तिथे तात्पुरती १८ महिने व्हॅट न भरता ठेवू शकतो, पण त्याचे नियम काटेकोर आहेत. पैसे एस्क्रो खात्यातूनच द्या, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत ते तिऱ्हाइताकडे राहतात.

१३. बाहेर घेतलेली बोट भारतात आणता येईल का?

येईल, पण आधी कर मांडा. सीमाशुल्क आहेच, शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे. भारतीय झेंड्याची नोंदणी नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतल्या मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटकडे होते. भारतात राहणाऱ्याला उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. बँक आणि सीए यांच्याशी करार करण्याआधी बोला, नंतर नको.

आखातात राहणाऱ्यांना माझा सल्ला असा की बोट तिकडेच ठेवा, तिकडेच वापरा. परत यायची वेळ आली की विका.

१४. भारतात ठेवली तर कुठे? आणि पावसाळ्यात काय?

मुंबईत बहुतेक बोटी गेटवेसमोर उघड्या पाण्यात नांगरलेल्या असतात. कोचीला बोल्गाटी बेटावर मरीना आहे.

पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर हवी. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून, माघारीची ८ ऑक्टोबर. पण तारखेवर विसंबू नका. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. दोन्ही पावसाळ्याच्या आधी. मी मेच्या पहिल्या आठवड्यात बोट वर काढायला सांगतो. अरबी समुद्रात लांब जायचे महिने डिसेंबर ते मार्च.

१५. नाथसागरावर सराव केला तर चालेल का?

पैठणचा जलाशय मोठा आहे, लांबी सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदी २७, वारा सुटला की तिथे चांगल्याच लाटा उठतात. पण जायकवाडी १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांमध्ये मोटरबोट घालू नये, परवानगीशिवाय तर मुळीच नाही. आणि भरती-ओहोटी, उधाण, जहाजांची रहदारी तिथे शिकायला मिळत नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, पॉवरबोटचे प्राथमिक धडे तिथे घ्या. परदेशात असाल तर आरवायएचे, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे, प्रशिक्षणाचे टप्पे पूर्ण करा. विमा कंपनी बोटीइतकाच तुमचा अनुभवही तपासते. नवख्याला पहिल्या काही प्रवासांसाठी अनुभवी कप्तान बरोबर ठेवायची अट ती घालू शकते.

१६. बोट स्वस्त आहे, पण तीन वर्षं उभी आहे. घेऊ का?

तुम्ही स्वतः मिस्त्री असाल आणि बोटीजवळ राहत असाल तर विचार करा. संभाजीनगरात बसून फोनवरून दुरुस्ती होत नाही. अपवाद एकच. जाणत्या माणसाने रीतसर निजवलेली बोट, म्हणजे गोड्या पाण्याने धुतलेली, टाकी भरून ठेवलेली, इंजिनात संरक्षक तेल घातलेली आणि हे सगळं लिहून ठेवलेली. अशी बोट पाण्याबाहेर, कोरड्यात तीन वर्षं उभी असेल तर हरकत नाही. मग प्रश्न ६ आणि ११मधलं सगळं करून बघा.

१७. सौ. विचारतात, बोटीवर भाकरी करता येईल का? गॅस चालतो का?

येते. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यातच हवा, त्या कप्प्याच्या तळाला समुद्रात उघडणारी नळी हवी आणि आत गॅसगळती सांगणारा अलार्म हवा. बिल्डरने नव्हे, नंतरच्या कोणा मालकाने बसवलेला गॅस असेल तर सर्व्हेयरला तो वेगळा तपासायला सांगा. जनरेटर चांगला असेल तर इंडक्शन बरं. आमच्या घरी भाकरीचा बीडाचा तवा त्यावर व्यवस्थित तापतो.

१८. सॅटेलाइट फोन घेऊन भारतीय पाण्यात आलो तर?

इथे अनेक जण अडचणीत येतात. थुराया आणि इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. खिशातली इरिडियमवर चालणारी संदेश यंत्रंही त्यातच येतात. बोटीबरोबर असं यंत्र आलं असेल तर भारताकडे निघण्याआधी त्याची सोय लावा. संकटासाठी नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहाला बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) आणि व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल १६, हे असायलाच हवं. किनाऱ्यावरून मदत मागायला तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

लक्षद्वीपला जाणार असाल तर भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना लागतो, तो निघण्याआधी काढा.

१९. दोन बोटींवर अडलोय. तुम्हाला फोटो पाठवले तर मत द्याल का?

देतो. फक्त सलून (बोटीतली बैठकीची खोली), पलंग आणि सूर्यास्ताचे फोटो पाठवू नका, ते जाहिरातीत असतात. इंजिनरूमचे चारही कोपरे, इंजिनाखालचा ट्रे, टाकीचा माथा, बॅटऱ्यांच्या वायरी, सुकाणूच्या शाफ्टची जागा, अँकर लॉकर आतून आणि देखभालीच्या वहीची शेवटची दहा पानं एवढं पाठवा. इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं झाकण उघडायला हात पोचतो का, तेही सांगा. भर समुद्रात, डुलत्या बोटीत, रात्री दोन वाजता इम्पेलर तुम्हीच बदलणार आहात.